शिट्टीविना बाद

मानक नगर, लखनौ
८ नोव्हेंबर २०२५

प्रिय मधुकाका,

इथून वाकता येईल तेवढं वाकून नमस्कार, लीलाकाकूंनाही. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि काकू माझे निम्मे निरोप स्वतःजवळच ठेवतात, म्हणून हे पत्र. बातमी अशी की तुमची पुतणी पंच झाली आहे. खो-खोची. हसायचं असेल तर आधी हसून घ्या, मग पुढे वाचा.

झालं असं. मंगळवारी बँकेत माझ्या टेबलाशी एक गृहस्थ आले. देवदत्त मिश्रा, सरोजिनी नगरमधल्या मुलींच्या शाळेत खेळाचे शिक्षक. काम केवायसीचं होतं. त्यांनी माझ्या नावाची पाटी वाचली आणि केवायसी राहिलं बाजूला. "मैडम, आप महाराष्ट्र से हैं? तब तो खो-खो आता ही होगा।" जशी काही प्रत्येक मराठी बाई खांबाला हात लावूनच जन्माला येते. मी म्हटलं, खेळायचे, पण शाळेत असताना. माझे काका पंच होते. एवढं बोलले आणि फसले. ते हातच जोडून उभे राहिले.

इथे शाळांच्या सामन्यांना पंचच उरलेले नाहीत, काका. एक निवृत्त झाले, एक मुलाकडे गुडगावला गेले. तिसऱ्यांना गेल्या वर्षी पालकांनी मैदानातच घेरलं, चष्मा फोडला आणि वर त्याचा व्हिडिओ गाणं लावून सगळीकडे फिरवला. तेव्हापासून शिट्टीला हात लावायला कोणी तयार नाही. खेळणाऱ्या शाळांचे शिक्षक चालत नाहीत, बाहेरचं माणूस लागतं. यंदा ते मिळालं नाही तर या भागातले सामने रद्द, आणि मंडलाच्या, म्हणजे आपल्याकडच्या विभागाच्या, स्पर्धेला इथून एकही संघ जाणार नाही. मिश्राजींच्या संघात चंद्रप्रभा म्हणून अकरावीतली एक मुलगी आहे. सरकारी स्पोर्ट्स हॉस्टेलवाले मंडलाच्या सामन्यांतूनच मुली उचलतात. "एक बार वो लड़की उनकी नज़र में आ जाए, बस। पर नज़र तक पहुँचे कैसे, मैडम?" हे बोलताना त्यांचा आवाज असा झाला की मी रांगेतल्या लोकांना विसरले.

घरी सांगितलं. इंद्रजित म्हणाला, "आमच्या रेल्वेत सिग्नल चुकला तर चौकशी समिती बसते. तुझा चुकला तर?" जुई म्हणाली, "मम्मी, प्लीज़, मेरी किसी फ़्रेंड के सामने सीटी मत बजाना।" नववीतल्या मुलीला आईची लाज वाटणं हे वयाला धरूनच आहे.

तरी काल गेले. सराव सामना होता. शिट्टी तोंडात धरली, घाबरत फुंकली आणि काका, सगळं मैदान थांबलं! पळणाऱ्या मुली थांबल्या, ओरडणाऱ्या थांबल्या, कडेचा मूँगफलीवाला पुडी बांधता बांधता थांबला. बँकेत मी दिवसभर घसा कोरडा करते तरी रांग सरळ होत नाही. आणि इथे एक फुंकर, तर इतकी माणसं माझ्याकडे बघतायत, मी आता काय म्हणते म्हणून! हे तुम्ही इतकी वर्षं केलंत आणि आम्हाला कधी सांगितलं नाहीत?

आता सांगा. नियम बदललेत का? मुख्य म्हणजे, पंचाने बघायचं नक्की काय?

तुमची,
शर्मिष्ठा


मिरज
१४ नोव्हेंबर २०२५

चि. शर्मिष्ठा,

आशीर्वाद. तुझं पत्र काकूने आधी वाचलं, मग मला दिलं, आणि मी वाचत असताना माझ्या तोंडाकडे बघत बसली. मी हसलो नाही. तिला डोळ्यांत पाणी दिसलं असेल तर ते मोतीबिंदूचं.

नियम पुष्कळ बदललेत. मिश्रांकडून नवं पुस्तक माग आणि तोंडपाठ कर. शाळेत पाठांतरात तू कच्ची होतीस, ते आता चालणार नाही. पण बघायचं काय, हे कुठल्याच पुस्तकात नसतं म्हणून सांगतो. पाय आणि हात बघ. चेहरे बघू नकोस. चेहरा खोटं बोलतो, रडतो, हसतो, पाय तसं करत नाहीत. बाद दिलं की शिट्टी आणि हात एकदम. शंका असेल तर गप्प राहा, खात्री असेल तर एक क्षणही थांबू नकोस.

आणि सगळ्यांत अवघड गोष्ट. पंचाने खेळ बघायचा नसतो. मैदानावर सगळे खेळ बघायला आलेले असतात, आपण एकटे नियम बघायला गेलेलो असतो. ज्या क्षणी तुला खेळ आवडायला लागला, त्या क्षणी तू प्रेक्षक झालीस, आणि मैदान पंचाविना पडलं. तुझं मन शाळेपासून चटकन भारावणारं आहे. सांभाळ.

लोक ओरडतील. मी पंचगिरी गुडघ्यामुळे सोडली असं गावाला वाटतं, पण तसं नाही. कान जायला लागले तेव्हा आधी लोकांच्या शिव्या ऐकू येईनाशा झाल्या. तेव्हा मला बरंच वाटलं होतं. मग 'खो' ऐकू येईना. बसलेल्या मुलीच्या पाठीला हात लागला हे डोळ्यांनी कळतं, पण खो दिला की नाही हे कानांनीच ठरवायचं असतं. एका सामन्यात सगळ्या मुली मला मुक्यानेच उठताना दिसल्या. त्या दिवशी थांबलो. तुझे दोन्ही कान शाबूत आहेत, तर शिव्यांसकट सगळं ऐक.

मिश्रांना सांग, मराठी माणसाला खो-खो येतोच हा त्यांचा समज अगदी बरोबर आहे.

तुझा,
मधुकाका


मानक नगर, लखनौ
८ डिसेंबर २०२५

प्रिय मधुकाका,

पुस्तक पाठ केलं. स्वयंपाक करताना, बँकेत जाताना ऑटोत, सगळीकडे. दोन आठवडे सामने घेतले आणि शनिवारी शेवटचा झाला. मिश्राजींची सरोजिनी नगरची शाळा आणि छावणीतली मुलींची शाळा. मिश्राजींचा संघ एका गुणाने जिंकला. म्हणजे चंद्रप्रभा मंडलाला जाणार. निकालाच्या कागदावर मी सही केली.

आधी एक सांगते. या मुली फार भांडतात हो. जरा काही झालं की दोन्हीकडच्या माझ्याभोवती गोळा. "मैडम, फ़ाउल था!" "मैडम, खो बोला ही नहीं!" मी सारखी म्हणत राहिले, बाद में, बाद में, पहले खेलो. दिवसभर 'बाद में'चाच जप. कडेला पालक होतेच. एक काका तर पूर्ण वेळ मोबाईल माझ्यावरच रोखून उभे होते. तुम्ही म्हणालात म्हणून सगळं ऐकून घेतलं.

आणि आता चंद्रप्रभा. काका, तुम्ही आयुष्यभर खेळ पाहिलात, तरी तुम्हाला सांगायचा मोह आवरत नाही. काडीसारखी मुलगी. थंडीत सुद्धा अनवाणी. वेणी कमरेला खोचलेली. तिची तुकडी शेवटची होती, तिच्याबरोबरच्या दोघी बाद झालेल्या आणि ती एकटी उरलेली. छावणीची कर्णधार लतिका तिच्या मागे. ती लतिकाही साधीसुधी नाही, घारीसारखी झडप घालते. शेवटचा वेळ चालू होता. आणि त्या वेळात चंद्रप्रभा जी पळाली, तिला मी पळणं म्हणूच शकत नाही. लतिकाचा हात जिथे पडायचा तिथून ती नुकतीच निघून गेलेली असायची. बसलेल्या मुलींच्या मधून जाताना तिने कोणाला वारासुद्धा लागू दिला नाही. खांबापाशी आता सापडलीच असं वाटलं, तर ती खांबाला कवेत घेऊन अशी फिरली की लतिका पुढे निघून गेली आणि ही मागे उभी, हसत! तिथे ओरडणारे सगळे पालक गप्प झाले होते. मोबाईलवाले काकासुद्धा मोबाईल खाली करून नुसते बघत होते. माझ्या अंगावर काटा आला. इतक्या जवळून इतकं सुंदर काही मी कधी पाहिलं नव्हतं, काका. देवळात जसं होतं तसं झालं मला. वेळ संपल्याची शिट्टी झाली ती वेळ पाहणाऱ्यांची. मी तशीच उभी.

असो. सहज एक विचारते. समजा, पंचाच्या तोंडातून शिट्टी निसटली आणि त्याने नुसतं तोंडाने बाद दिलं, हातही वर केला नाही, तर ते बाद धरायचं का? पुस्तकात मला नीटसं सापडलं नाही. घाई नाही, सवडीने लिहा.

तुमची,
शर्मिष्ठा


मिरज
१३ डिसेंबर २०२५

चि. शर्मिष्ठा,

आशीर्वाद. त्या पोरीचं पळणं मी काकूला मोठ्याने वाचून दाखवलं. मोठ्याने म्हणजे किती ते मला कळत नाही, पण शेजारचे जोशी खिडकीत आले.

तुझ्या शंकेचं उत्तर सोपं आहे. शिट्टी गेली म्हणून पंच जात नाही. तोंड आहे ना? हात लागलेला पाहिला, खात्री होती आणि तोंडून बाद निघालं, म्हणजे बाद. आमच्या वेळी एका पंचाची शिट्टी घशात गेली होती, त्याने खोकत खोकत बाद दिलं आणि ते धरलं गेलं. असले प्रश्न परीक्षेत विचारतात, तू परीक्षेला बसते आहेस की काय? बस, बस. लखनौला पंचांची गरज आहे.

तुझा,
मधुकाका


मानक नगर, लखनऊ
१४ डिसेंबर

आजोबा, नमस्ते,

मी जुई. मी मराठी मध्ये लिहिते आहे, गलती असेल तर हसू नका. मम्मीला माहीत नाही मी हे लिहिलं. पापाला पण नाही.

मम्मीने तुम्हाला पूर्ण नाही सांगितलं असेल. मी त्या दिवशी मैदानात होते, नीम च्या झाडाखाली. मी तिला चिढवायला गेले होते, पण मग बघत बसले. लतिका दीदीचा हात चंद्रप्रभा दीदीच्या कोहनीला लागला. मम्मी एकदम पास होती. तिच्या तोंडातून सीटी पडली आणि ती ज़ोर से म्हणाली, "बाद!"

आजोबा, मला माहीत आहे बाद म्हणजे आउट, तुम्ही मला मिरजला लंगडी खेळताना किती वेळा बाद केलं होतं. पण इथे कोणालाच माहीत नाही. इथे बाद म्हणजे नंतर. मम्मी दिवसभर सगळ्यांना बाद में, बाद में बोलत होती, तर सगळ्यांना वाटलं ती परत तेच बोलते आहे. लतिका दीदी एक सेकंद थांबली, मग पळायला लागली. चंद्रप्रभा दीदी पण. ती जी एवढी मस्त पळाली ना, जे बघून सगळे चुप झाले, ते सगळं आउट झाल्यावर होतं.

मम्मी सीटी वाजवू शकत होती. सीटी गळ्यातच होती. पण ती बघत राहिली. मॅच संपली तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं आणि मग दुसरीकडे बघितलं. घरी आल्यावर म्हणाली, डोकं दुखतंय. आता रोज दुखतं.

चंद्रप्रभा दीदी मला आवडते. ती गेली नाही तर मला फार वाईट वाटेल. पण लतिका दीदीला कोणीच काही सांगितलं नाही, ते पण मला वाईट वाटतं. मी कोणाला सांगू? त्या मैदानात मराठी फक्त मम्मीला येते आणि मला. म्हणून तुम्हाला लिहिलं. मम्मीला रागवू नका, हाँ.

तुमची जुई


मिरज
२० डिसेंबर २०२५

चि. शर्मिष्ठा,

तुझी शंका मला परीक्षेतली वाटली होती. तिला वेणी आहे आणि नाव आहे, हे आता कळलं. कसं कळलं ते विचारू नकोस आणि घरात कोणावर डोळे वटारू नकोस.

माझं उत्तर बदलत नाही. हात लागला, तू पाहिलंस, तू बाद म्हणालीस. मुलगी बाद. पण बाद दिलेलं खेळाडूंना कळलं नाही, हा दोष पंचाचा, त्यांचा नाही. तिला बाद धरलं तर गुण सारखे होतात, आणि गुण सारखे झाले तर जादा डाव असतो. दोन्ही संघांना एकत्र बोलाव, झालं तसं सांग आणि तो डाव खेळायचा का ते त्यांना ठरवू दे. मंडलाच्या आधी कर.

ती हरेल कदाचित. मला त्याचं फार वाईट वाटेल, मी तिला पाहिलेलंही नाही तरी. तुला किती वाटत असेल ते समजतं. जा.

मधुकाका


मानक नगर, लखनौ
२९ डिसेंबर २०२५

प्रिय मधुकाका,

गेले. तुमचं पत्र आलं त्याच दिवशी मिश्राजींकडे गेले. घरात कोणावर डोळे वटारले नाहीत. उलट जुईला जवळ घेतलं, तर ती म्हणाली, "मम्मी, छोड़ो, बाल ख़राब हो रहे हैं।"

मिश्राजींनी ऐकलं आणि डोक्याला हात लावला. "जाने दीजिए मैडम। किसी ने शिकायत की है क्या? अब आप बोलेंगी तो लोग आपको भी घेरेंगे, फिर आप भी चली जाएँगी। अगले साल सीटी कौन बजाएगा?" त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मला स्वतःलाच ते ऐकायचं होतं, इतके दिवस मी तेच मनाला सांगत होते. मी म्हटलं, मिश्राजी, अशी शिट्टी वाजण्यापेक्षा न वाजलेली बरी. मग त्यांनी उठून छावणीच्या शाळेला फोन लावला.

काल सकाळी दोन्ही संघ मैदानावर आले. धुकं इतकं की या टोकाचा खांब त्या टोकावरून दिसत नव्हता, म्हणून ऊन येईपर्यंत थांबलो. पालकही आले होते. मी मध्ये उभी राहिले आणि सांगितलं. "हमारे यहाँ मराठी में बाद का मतलब होता है आउट. उस दिन मैंने चंद्रप्रभा को आउट दिया था. आप लोग समझे बाद में. मैंने सीटी नहीं बजाई. ग़लती मेरी है."

लतिका म्हणाली, "तो हम इतनी देर किसके पीछे भाग रहे थे, मैडम?" मला वाटलं आता सगळ्या हसतील. एकही हसली नाही. चंद्रप्रभा तिच्याकडे वळली. "तूने छुआ था?" "लगा तो था।" चंद्रप्रभाने खाली बघितलं आणि म्हणाली, "हमें भी लगा था। फिर मैडम ने बाद में कहा, तो हमने सोचा, चलो, बाद में देखेंगे।"

मागून कोणाचे तरी वडील ओरडले, "इस रेफ़री को लाया कौन?" मोबाईल वर झाले. मी डोळे मिटले, चष्मा काढून हातात घेतला, खरंच. आणि काका, तेवढ्यात माझ्या दोन्ही बाजूंनी पाय वाजल्याचे आवाज आले. डोळे उघडले तर मुली आपापल्या जागी जाऊन बसत होत्या. दोन्ही कर्णधारांनी एकमेकींशी काय ते दोन शब्दांत ठरवलं होतं. एकीनेही मला विचारलं नाही की आम्ही परत का खेळायचं. जिंकलेला सामना या मुलींनी हातातून सोडला आणि ओल्या मातीत गुडघे टेकून बसल्या. त्या दिवशी ती पळाली तेव्हा मी भारावले होते म्हणून लिहिलं होतं. ते काहीच नव्हतं. काल मी मोठ्या माणसांत उभी होते आणि या पोरींसमोर मला आम्ही सगळी फार लहान वाटलो.

जादा डाव झाला. चंद्रप्रभा लवकर सापडली. मी शिट्टी वाजवली, हात वर केला. तिने वळून पाहिलं नाही, सरळ रेषेबाहेर गेली. छावणीचा संघ जिंकला, आता मंडलाला लतिका जाईल. लतिका तिच्या गळ्यात पडली, ती उभी राहिली. मी जवळ गेले तेव्हा मात्र ती चपला हातात घेऊन निघून गेली. तिच्या जागी मी असते तर मीही गेले असते.

पालकांनी घेरलं नाही. का, ते मला अजून कळलेलं नाही. मोबाईलवाले काका येऊन फक्त एवढं म्हणाले, "आप बैंक में ही ठीक थीं।"

शर्मिष्ठा


मानक नगर, लखनौ
१८ जानेवारी २०२६

प्रिय मधुकाका,

शीतलहरीमुळे शाळांना सुट्टी आहे. काल दुपारी दाराची बेल वाजली. उघडलं तर चंद्रप्रभा. सरोजिनी नगरहून सायकलवर, एवढ्या थंडीत, मफलर डोक्यावरून गुंडाळलेला. जुईने मिश्राजींकडून तिचा नंबर मिळवला होता आणि दोघी रोज बोलत होत्या, हे मला काल कळलं. या घरात मला सगळं उशिराच कळतं.

चहा दिला. प्यायली. मी पोहे पुढे ठेवले. मग एकदम म्हणाली, "मैडम, हम आपसे बहुत ग़ुस्सा हैं।" मी म्हटलं, असायलाच हवं. "सच बोलने का नहीं। सच तो ठीक था। ग़ुस्सा इस बात का है कि उसी टाइम बोल देतीं। तीन हफ़्ते हम मंडल के सपने देखते रहे। मम्मी ने नए जूते भी ले दिए थे।" मी म्हटलं, चुकले, आणि डोळे भरून आले, तर तीच गडबडली. "अरे, आप रोइए मत, पोहा ठंडा हो रहा है।"

शाळेत तिला आता सगळ्या 'बाद' म्हणूनच हाक मारतात. बाद, इधर आ. बाद, टिफ़िन ला. आधी ती भांडायची, आता ओ देते. पुढच्या वर्षी ती बारावीत आहे, तेव्हा परत खेळणार. "लेकिन तब तक," ती म्हणाली, "हमको सीटी सिखाइए। छोटी क्लास के मैच कौन कराएगा? कोई तो हो जो हिंदी में आउट दे।" काका, जिचं सगळं माझ्यापायी गेलं ती मुलगी माझ्याच स्वयंपाकघरात बसून मला हे म्हणते! आजपासून गच्चीवर शिकवणी सुरू केली आहे. ती पाय बघायला लगेच शिकली. मला जे पुस्तकातून घोकावं लागलं ते तिच्या अंगातच आहे.

काल जाताना ती जिन्यात थांबली. तुमच्याबद्दल जुईने तिला सांगितलं आहे, की मिरजेला एक मोठे पंच आहेत आणि मम्मी त्यांनाच विचारते. तर म्हणाली, "उनसे एक बात पूछ देंगी? आउट होने के बाद हम जो दौड़े थे, अपनी ज़िंदगी में वैसा कभी नहीं दौड़े। वो दौड़ कहीं गिनी जाएगी कि नहीं?"

म्हटलं, विचारते. म्हणून विचारते आहे, आणि या वेळी ही शंका परीक्षेतली नाही.

शर्मिष्ठा


मिरज
२४ जानेवारी २०२६

चि. शर्मिष्ठा,

आशीर्वाद. तुझं पत्र दोन दिवस उशाशी ठेवून आज उत्तर लिहितो आहे. काकू दोनदा विचारून गेली, लिहिलं का म्हणून. नियमांची सगळी पुस्तकं काढली, जुनी आणि मुंबईहून मागवलेलं नवं. बाद झालेल्या खेळाडूचं पुढचं पळणं कुठेही मोजत नाहीत. गुणपत्रिकेत त्याला रकाना नाही. मला वाटलं होतं तसंच निघालं, तरी बघितलं, कारण तिने विचारलं होतं.

आता हे पत्र तिला वाचून दाखव. मराठी कळत नसेल तिथे जुई सांगेल.

पोरी, मी जन्मभर मैदानाच्या कडेला उभा राहिलो आणि नियमच बघितले, खेळ बघितला नाही. पंचाने तसंच करायचं असतं. माझ्यासमोर किती मोठमोठ्या खेळाडू पळाल्या, लोक वेडे व्हायचे, मी पाय मोजत उभा. कोणाच्या पळण्याने माझी शिट्टी कधी थांबली नाही. याचा मला अभिमान होता, आणि आज खरं सांगायचं तर थोडं वाईटही वाटतं, कारण याचा अर्थ एवढाच की मला कधी तसं पळणारं कोणी भेटलंच नाही. तुझ्या पळण्याने माझ्या पुतणीची शिट्टी थांबली. मी ते पाहिलं नाही, माझ्या कानांनी तर ऐकण्याचा प्रश्नच नाही, पण तिच्या पत्रातून आणि जुईच्या पत्रातून मी ते इतक्या वेळा पाहिलं आहे की तू खांबाला वळसा घालतेस तेव्हा मी खुर्चीतून उठतो. काकू विचारते, कुठे निघालात?

तुझी ती दौड मी मोजली आहे. पुस्तकात नसू दे. तुला कोणी विचारलं तर सांग, मिरजेच्या मधुसूदन पंचांनी मोजली आहे, आणि पंचांचा निर्णय अंतिम असतो.

मधुकाका